जुन्या ड्रायरला ओल कशी कळते?

जुलैत काशीमीऱ्यात दोरीवर घातलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरपट्ट्याशी गार लागते. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, भाईंदरकडे मिठागरं आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. इथल्या हवेला पाण्याची कमतरता कधीच नसते. जवळच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. पाऊस थांबला तरी हवा इतकी भरलेली असते की कपड्यातलं पाणी जायला तिच्यात जागाच उरत नाही.

म्हणून या भागात गरम हवेचे ड्रायर आले. (सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या पिळणाऱ्या टाकीलाही आपण ड्रायरच म्हणतो. हा लेख तिच्याबद्दल नाही. गरम हवेत कपडे उलटेपालटे करत वाळवणाऱ्या ड्रमबद्दल आहे.) महामार्गालगतच्या हॉटेल-लॉजच्या चादरी आणि टॉवेल धुणाऱ्या लाँड्र्यांत ते असतात. परदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या सामानातून ते येतात आणि जुन्या बाजारातून हात बदलत फिरतात. मिरा रोडच्या सोसायट्यांत त्यांचं ठिकाण ठरलेलं, स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी. यांतली बरीच यंत्रं वीस-तीस वर्षांची, काही त्याहून जुनी. मोटार चालते, हीटर तापतो, ड्रम फिरतो. बंद पडलेली असते ती बहुतेकदा एकच गोष्ट: कपडे वाळले की आपणहून थांबण्याची सोय. बटण ‘ऑटो’वर ठेवलं की यंत्र दहा मिनिटांत थांबतं आणि कपडे ओलेच निघतात. नाहीतर ते चालतच राहतं आणि बनियन पापडासारखे कडक होऊन बाहेर येतात. मेकॅनिक येतो आणि सांगतो, “ऑटो गेलंय, टायमरवर चालवा.”

हा सल्ला मला पटत नाही. ‘ऑटो’ सहसा जात नाही, त्याची फसगत होते. आणि फसगत कुठे झाली हे शोधता येतं, फक्त आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ड्रायर कपड्यातलं पाणी मोजतच नाही. पाणी आहे की नाही याची एखादी खूण तो पाहतो, आणि त्या खुणेवरून अनुमान बांधतो. खूण आणि पाणी यांच्यातला दुवा जिथे तुटतो, तिथे बिघाड असतो.

पाणी खरोखर मोजायचं तर एकच खात्रीची रीत आहे: वजन. मातुंग्याला १९२४ साली कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा सुरू झाली. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. अशा प्रयोगशाळांत कापसाचा नमुना आधी तोलतात, मग साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवतात आणि पुन्हा तोलतात. या रीतीने एक गोष्ट पक्की कळलेली आहे: कापूस नेहमीच्या हवेत कधीही पूर्ण कोरडा नसतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतं. आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत चढली की हेच प्रमाण बारा-चौदा टक्क्यांवर जातं. लोकर याहून जास्त पाणी धरते. पॉलिएस्टर मात्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे काशीमीऱ्याच्या जुलैत कपाटात घडी घालून ठेवलेला, आपण ‘वाळलेला’ म्हणतो तो सुती सदराही शंभर भाग कापसामागे बारा भाग पाणी बाळगून असतो. ड्रायरने त्याला चार टक्क्यांपर्यंत सुकवलं, तरी काही तासांत हवा ते पाणी त्याला परत देते. त्या जादा सुकवण्यावर खर्च झालेली वीज वाया जाते, आणि धागा मात्र ठिसूळ होतो.

वजन करायला वेळ लागतो, म्हणून व्यवहारात खुणेवर काम भागवतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. भारतीय कपास निगमच्या खरेदी केंद्रावर गाडीतल्या कापसात ओलावा मापकाची टोकं खुपसतात आणि पडद्यावर आकडा येतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर प्रत्येक टक्क्यामागे कपात, आणि बारा टक्क्यांपुढे खरेदीच नाही. असं मापक पाण्याला पाहत नाही. दोन टोकांमधून कापूस वीज किती सहज जाऊ देतो, एवढंच ते पाहतं. कोरडा कापूस विजेला जवळपास वाट देत नाही. ओलावा थोडा वाढला की वाट कैक पटींनी मोकळी होते. सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांवरून नव्वदवर नेली तर कापसाचा विद्युतरोध लाखभर पटींनी पडतो. इतका जोरकस बदल देणारी दुसरी सोपी खूण क्वचितच असेल. म्हणून ज्या तत्त्वावर यवतमाळच्या शेतकऱ्याचा भाव ठरतो, त्याच तत्त्वावर ड्रायरच्या ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्या काम करतात.

पण ड्रायरमध्ये ही खूण नंतर आली. आधी आली ती तापमानाची.

कपडे वाळवणारं स्वयंचलित यंत्र अमेरिकेत बाजारात आलं ते १९३८ साली. उत्तर डकोटातल्या जेम्स रॉस मूर यांनी कडक थंडीत कपडे बाहेर वाळत घालावे लागू नयेत म्हणून ते बनवायला घेतलं होतं, आणि विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने ते ‘जून डे’ या नावाने विकलं. जून महिना हा तिकडे लख्ख उन्हाचा. आपल्याकडे हे नाव कोणी ठेवलं नसतं. सुरुवातीच्या ड्रायरमध्ये घड्याळच असे: चाळीस मिनिटं म्हटलं की चाळीस मिनिटं. पुढे अभियंत्यांनी निसर्गाचा एक साधा नियम कामाला लावला. तापात कपाळावर ठेवलेली ओली पट्टी जोवर ओली आहे तोवर गार राहते, सुकू लागली की गरम होते. ड्रममधले कपडेही तसेच वागतात. त्यांच्यात मोकळं पाणी आहे तोवर हीटरची बहुतेक उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि बाहेर पडणारी हवा फारशी तापत नाही. पाणी संपत आलं की उष्णता खर्चायला जागा राहत नाही, आणि बाहेरच्या हवेचं तापमान भराभर चढतं.

या जुन्या यंत्रांतली जोडणी मला आजही फार देखणी वाटते, कारण तिच्यात एकही चिप नाही. बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेत एक थर्मोस्टॅट असतो, दोन धातूंच्या जोडचकतीचा. साधारण ६० ते ७० अंशांना ही चकती टक्कन उलटते आणि हीटरचा प्रवाह तोडते. हवा निवली की पुन्हा जोडते. टायमरची छोटी मोटार या थर्मोस्टॅटच्याच दोन टोकांना समांतर जोडलेली असते. थर्मोस्टॅट जोडलेला असताना दोन्ही टोकांना सारखाच दाब, म्हणून मोटार स्तब्ध. तो तुटला की हीटरच्या तारेतूनच मोटारीला प्रवाह मिळतो आणि ती फिरू लागते. हीटरचा रोध दहा-बारा ओहम, मोटारीचा हजारोंमध्ये. त्यामुळे हीटर तापत नाही, मोटार मात्र चालते. थोडक्यात, हीटर चालू असताना घड्याळ थांबतं आणि हीटर बंद असताना घड्याळ पुढे सरकतं. ओल्या कपड्यांत हीटर बराच वेळ सलग चालतो, म्हणून घड्याळ थबकतं. कपडे सुकू लागले की हीटर वारंवार सुटतो, घड्याळ सरकू लागतं आणि शेवटी सगळं बंद होतं.

एवढं कळलं की बिघाड बराचसा घरबसल्या ओळखता येतो. यंत्र ऑटोवर थांबतच नाही आणि हवा गार आहे, तर दोष हीटरचा. हवा तापलीच नाही तर थर्मोस्टॅट तुटणार नाही, आणि टायमरला प्रवाह येतो तोही हीटरच्याच वाटेने. हवा चांगली गरम आहे, हीटर सुटतो-जोडतो तेही ऐकू येतं, पण घड्याळ सरकत नाही, तर संशय टायमरच्या मोटारीवर किंवा तिच्याशी मालिकेत बसवलेल्या रोधकावर घ्यावा. यातला दोषी कोण हे ठरवायला बटण साध्या वेळेवर फिरवून पाहावं. तिथे घड्याळ चालत असेल तर मोटार ठीक आहे, शोध रोधक आणि त्याच्या तारांमध्येच करायचा. कपडे भाजल्यासारखे गरम आणि हीटर सुटतच नाही, तर थर्मोस्टॅटची टोकं एकमेकांना चिकटलेली आहेत, आणि मग ते यंत्र त्या क्षणी प्लग काढून ठेवण्याच्या लायकीचं आहे.

ऑटो लवकर थांबणं हा मात्र या जातीत बहुधा हवेचा रोग असतो, आणि इथे आपली ड्राय बाल्कनी गोष्टीत येते. जुने ड्रायर दमट हवा बाहेर फेकणारे, म्हणजे पाठीमागे नळी असलेले. नळी खिडकीबाहेर जायला हवी. पण बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या, पावसाच्या भीतीने त्या बंद ठेवल्या आणि नळी आतच सोडली, की ड्रायर स्वतःचीच दमट गरम हवा पुन्हा आत ओढतो. आत येणारी हवा जितकी दमट, तितके ओले कपडेही जास्त तापमानावर स्थिरावतात. बाहेर पडणारी हवा पाणी शिल्लक असतानाच थर्मोस्टॅटच्या आकड्याला पोहोचते. यंत्राच्या हिशेबाने कपडे वाळलेले असतात, आणि भिंतींवर मात्र पाण्याचे ओघळ.

“पावसाळ्यातली हवाच दमट, मग ड्रायर तरी काय करणार?” असं ऐकू येतं. ते खरं नाही, आणि हिशेब सोपा आहे. २८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ६५ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा जेमतेम १४ टक्के आर्द्रतेची होते. तिला भरपूर तहान असते. जुलैतला काशीमीऱ्याचा वारा ड्रायरला पुरेसा आहे, फक्त तो ताजा मिळाला पाहिजे. नळी उघड्या खिडकीतून बाहेर काढणं हा कित्येक ‘गेलेल्या’ ऑटोचा संपूर्ण इलाज असतो.

दुसरी अडचण लव्याची. कपड्यांवरचे सुटे तंतू जाळीवर जमतात, ते आपण काढतो. पण जाळी स्वच्छ दिसूनही बंद असू शकते. कपड्यांना लावलेल्या फॅब्रिक कंडिशनरचा मेणकट थर बारीक छिद्रांवर बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरावी. पाणी आरपार न जाता तिच्यावर साचून राहिलं, तर साबण आणि मऊ ब्रशने ती धुवायला हवी. जाळीच्या पलीकडे पंख्याच्या घरात आणि नळीच्या वळणांवर वर्षानुवर्षांचा लवा असतो. हवा अडली की उष्णता हीटरजवळ कोंडते, तिथला सुरक्षेचा थर्मोस्टॅट हीटर तोडत राहतो, बाहेरची हवा मात्र ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही. मग घड्याळ हलत नाही आणि यंत्र दोन-दोन तास चालतं. एकाच ‘हवा अडली’ या कारणातून लवकर थांबणं आणि कधीच न थांबणं ही दोन्ही लक्षणं निघू शकतात. म्हणून लक्षण ऐकून सुटा भाग बदलण्याची घाई करू नये.

अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांची आणखी एक गोष्ट. तिकडच्या विजेच्या ड्रायरमध्ये हीटर २४० व्होल्टवर चालतो, पण मोटार आणि टायमर १२० व्होल्टवर, आणि वीज ६० हर्ट्झची. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून १२० व्होल्ट मिळवता येतात, हर्ट्झ मात्र त्याने बदलत नाहीत. टायमरची मोटार हर्ट्झच्या तालावर फिरते, म्हणून तिचा तास इथे ७२ मिनिटांचा होतो. ड्रम आणि पंखा फिरवणारी मोटारही सहाव्या हिश्श्याने मंदावते, आणि त्या प्रमाणात हवा कमी होते. ५४०० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ४९६० वॉट देतो, म्हणजे उष्णता आठच टक्के घटते. हवा जास्त घटली, उष्णता कमी घटली, त्यामुळे थर्मोस्टॅट थोडा आधी सुटू लागतो. यंत्रात काही बिघडलेलं नसतं, तरी त्याचा ‘वाळलेपणा’ बदललेला असतो. शिवाय या हीटरला २१ अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. अशा यंत्राला मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच.

आता धातूच्या पट्ट्यांकडे येऊ. १९६० च्या दशकापासून महागड्या ड्रायरमध्ये ही दुसरी खूण आली. ड्रमच्या आत, दाराजवळच्या भिंतीवर किंवा ड्रमच्याच पात्यांवर एकमेकींपासून विलग दोन पट्ट्या असतात. फिरणारे कपडे त्यांना घासून जातात. ओला कपडा एकाच वेळी दोन्हींना टेकला की त्यातून किंचित वीज वाहते. जुन्यातल्या जुन्या विद्युत मंडलांत एक कपॅसिटर मोठ्या रोधकातून हळूहळू भरत असतो, आणि प्रत्येक ओला स्पर्श त्याला थोडा रिकामा करतो. कपडे ओले असेतो तो कधीच भरत नाही. स्पर्श कोरडे पडू लागले की दाब चढतो, आणि साठ-नव्वद व्होल्टच्या आसपास एक चिमुकला निऑन दिवा पेटतो. त्याच्या इशाऱ्यावर पुढचा रिले यंत्र थांबवतो. नंतर याच कल्पनेला ट्रान्झिस्टर आले, मग चिप आली.

ही रीत तापमानापेक्षा तल्लख आहे, पण तिचे दोन आंधळे कोपरे आहेत. कपड्यातला ओलावा दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली गेला की स्पर्शातून वाहणारी वीज इतकी क्षीण होते की मंडलाला फरक कळत नाही. म्हणून ‘जास्त कोरडं’ हे बटण मोजमाप नसतं. पट्ट्यांनी ‘ओल संपली’ म्हटल्यावर यंत्र काही ठरलेली मिनिटं आणखी चालतं, एवढंच. दुसरा कोपरा म्हणजे पट्ट्या फक्त वरचा पृष्ठभाग पाहतात. चादर फिरता फिरता टॉवेलांचं गाठोडं करते. वरची पॉलिएस्टर-मिश्र चादर कोरडी लागते आणि पोटातले टॉवेल निथळत असतात. नायलॉनच्या साडीचंही असंच. लाँड्रीत चादरी आणि टॉवेल वेगळे वाळवले तर यंत्राविषयीच्या निम्म्या तक्रारी कमी होतात, असं मला वाटतं. फार थोडे कपडे टाकले तरी घोटाळा होतो. दोन-तीन सदरे पट्ट्यांना पुरेसे टेकतच नाहीत, आणि स्पर्श नाही याचा अर्थ यंत्र ‘कोरडं’ असाच लावतं.

हा शेवटचा मुद्दा तपासणीत सोन्यासारखा आहे. या जातीत तुटलेली तार आणि कोरडा कपडा यांत मंडलाला काहीच फरक दिसत नाही, आणि दोन पट्ट्यांत अडकलेलं नाणं किंवा ओल्या लव्याचा पूल म्हणजे त्याच्या लेखी न सुकणारा कपडा. म्हणून यंत्र लवकर थांबत असेल तर वाट कुठे तुटली ते शोधायचं, आणि थांबतच नसेल तर नको तिथे वाट कुठे तयार झाली ते.

लवकर थांबण्याचं सर्वांत सामान्य कारण तेच, कंडिशनरचा पातळ थर. तो विजेला अडवतो. प्लग काढून, सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पांढरं व्हिनेगर घेऊन पट्ट्या चोळून पुसाव्यात. काथ्या किंवा सँडपेपर नको, कारण ओरखड्यांत थर आणखी घट्ट बसतो. याने फरक पडला नाही तर पट्ट्यांच्या तारा मंडलापासून सोडवून मल्टिमीटर लावावा. पट्ट्या कोरड्या असताना मीटरने काहीच जोड दाखवू नये. ओलं सुती फडकं दोन्हींवर दाबलं की काही हजार ते काही लाख ओहम दिसायला हवेत. फडकं ठेवूनही मीटर हलला नाही तर तार किंवा जोड तुटलाय. पट्ट्या ड्रमबरोबर फिरणाऱ्या असतील तर मागच्या बाजूचा झिजलेला कार्बन ब्रश पाहावा. पट्ट्या आणि तारा ठीक निघाल्या तर जाणत्या तंत्रज्ञाने मंडलाच्या टोकांना एक रोधक जोडून पाहावा. रोधक असेतो यंत्र चाललं आणि काढल्यावर काही मिनिटांत थांबलं, तर मंडलही निर्दोष. निऑनच्या जुन्या मंडलांत पट्ट्यांवर शंभराच्या आसपास व्होल्ट असू शकतात आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. चालू यंत्रात बोट घालून प्रयोग करू नये.

कधीच न थांबणाऱ्या यंत्राचा एक रोग खास किनारपट्टीचा आहे, आणि परदेशी दुरुस्ती-पुस्तिकांत तो सहसा सापडत नाही. पट्ट्यांमागचं मंडल लाखो ओहमांच्या रोधावर काम करतं. खाडीकडून येणाऱ्या हवेत क्षार असतात. ते धुळीबरोबर मंडलाच्या पाटीवर बसतात. उन्हाळ्यात हा थर निरुपद्रवी असतो. पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढतो आणि दोन वाटांमध्ये अदृश्य पूल बांधतो. मंडलाला ती ओल कपड्याची वाटते. ड्रम रिकामा असला तरी यंत्र चालत राहतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तेच यंत्र आपोआप ‘सुधारतं’. असं ऋतूबरोबर येणारं-जाणारं लक्षण दिसलं तर पाटी बदलण्याआधी ती अल्कोहोलने धुवून, नीट वाळवून तिच्यावर संरक्षक वार्निशचा हात द्यावा. जुने कपॅसिटर आणि वयाने मूल्य बदललेले मोठे रोधक हे दुसरे संशयित. निऑन दिवाही म्हातारा झाला की अधिक दाबाला पेटतो, मग यंत्र हळूहळू जास्त वेळ घेऊ लागतं.

पाण्याचाही वाटा असतो. शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाही. वाट देतात ते त्यात विरघळलेले क्षार. नळाचं पाणी कमी पडलं की या भागात टँकर आणि बोअरवेलवर कपडे धुतले जातात, आणि त्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी उडून गेलं तरी क्षार धाग्यात राहतात, हवेतली ओल धरतात, आणि पट्ट्यांना कपडा असतो त्याहून ओला भासतो. नीट न खळबळलेल्या साबणाचंही तेच. अशा वेळी यंत्रावर स्क्रू-ड्रायव्हर लावण्याआधी एक खळबळ जास्त द्यावी.

या सगळ्याच्या आधी, पैसे आणि सुटे भाग खर्च करण्याआधी, मातुंग्याची रीत घरी करून पाहावी. प्रवासी बॅग तोलायचा काटा पुरतो. धुण्यापूर्वी कोरडे सुती कपडे पिशवीत घालून तोलावेत. समजा जुलैत ते तीन किलो भरले. त्यात हवेने दिलेलं बारा टक्के पाणी आहे, म्हणजे निव्वळ कापूस साधारण २.६८ किलो. ड्रायर थांबल्यावर कपडे लगेच पुन्हा तोलावेत. ३.३ किलो भरले तर तेवीस टक्के ओल शिल्लक आहे, यंत्र खरंच लवकर थांबलं. २.९ भरले तर ओल आठ टक्के, काम उत्तम झालं आहे, हाताला दमट लागले तरी तो भास. २.७ भरले तर यंत्र नाहक चालतंय. मग तीच चाचणी ऑटोऐवजी ठरावीक वेळेवर करावी. वेळेवर कपडे नीट सुकत असतील तर हवा आणि हीटर निर्दोष, दोष खूण पाहणाऱ्या भागात. वेळेवरही सुकत नसतील तर पट्ट्या पुसत बसू नये, नळी आणि पंखा उघडावा. मेकॅनिक बोलावला तरी हे आकडे हातात असलेले बरे, कारण “बरोबर वाळत नाही” या तक्रारीवरून कोणालाच काही शोधता येत नाही.

विजेचा अंदाजही याच काट्यावरून येतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिटच्या आतबाहेर वीज लागतेच, तिथे काटकसर चालत नाही. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत तीन लिटर पाणी असेल तर किमान दोन युनिट, आणि नळीतून जाणारी उष्णता धरून तीन-चार. याहून बरंच जास्त मीटर फिरत असेल, तर यंत्र पाणी संपल्यावरही चालतंय.

एका दुरुस्तीविरुद्ध मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. यंत्र मधेच बंद पडतं म्हणून सुरक्षेचा थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज काढून दोन तारा जोडून देतात. त्याला ‘डायरेक्ट केलं’ म्हणतात. यंत्र लगेच चालू होतं, आणि पैसेही कमी लागतात. पण तो फ्यूज कोंडलेल्या हवेमुळे उडालेला असतो. लवा म्हणजे सुटा कापूस. तो हीटरच्या शेजारी साचलेला, हवा अडलेली, आणि थांबवणारं कोणी उरलेलं नाही. पेटायला आणखी काही लागत नाही. फ्यूज उडाला तर नवा तसाच बसवावा, आणि आधी नळी मोकळी करावी. जुनं यंत्र विकत घेताना मागचं झाकण उघडून हीटरजवळ अशी जोडलेली तार आहे का हे पाहूनच घ्यावं.

ऑटो दुरुस्त झालं, की त्याचा आकडा आपल्या हवेला लावून घ्यायचा राहतो. बऱ्याच जुन्या यंत्रांवर वाळलेपणाचं बटण असतं आणि त्यावर इस्त्रीपुरतं ओलसर ते खूप कोरडं अशा खुणा असतात. पावसाळ्यात मधल्या खुणेच्या पुढे जाऊ नये. कपाटातली हवाच कपड्याला बारा टक्क्यांवर नेणार असेल तर त्याला चारवर नेण्यात हशील नाही. हिवाळ्यात, हवा कोरडी असताना, एक घर पुढे चालेल. आणि गोधडी ऑटोवर कधीच टाकू नये. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले असतात. वरचा थर पट्ट्यांना कोरडा लागतो तेव्हा मधला अजून ओलाच असतो, आणि घडी घालून ठेवली की तिथे बुरशी धरते. तिला वेळेवर लावावं, मधे दोनदा काढून उलटावं, आणि वजन धुण्यापूर्वीच्या आकड्याला आलं की बंद करावं.